पळायचं ठीक, थांबायचं काय?

बोरघाटात, शिंग्रोबाच्या देवळाच्या थोडं अलीकडे, माझ्या उजव्या पायाखालचं ब्रेकचं पेडल सरळ खाली गेलं. खाली म्हणजे अक्षरशः मॅटला टेकलं. स्पंजवर पाय ठेवावा तसं!

गाडीत आम्ही चौघं. शेजारी बाबा, मागे आई आणि आत्या, आणि दोघींच्या मध्ये लोणावळ्यात घेतलेली चिक्कीची पाच पाकिटं. ठाण्याला चुलतभावाचा साखरपुडा होता. गप्पा जाम रंगल्या होत्या. आणि समोर, जेमतेम शंभर पावलांवर, विटा भरलेला ट्रक.

अशा वेळी माणूस काय करतो? मी ‘सॉरी’ म्हणाले. कोणाला, देव जाणे. बहुतेक ट्रकला.

“सेकंडला टाक,” बाबा म्हणाले. आवाज अजिबात न चढवता. “पेडल पंप कर. करत राहा.” आणि माझी वाट न बघता त्यांनी हँडब्रेकला हात घातला. एकदम खेचला नाही. बटण दाबून धरलं आणि हळूहळू वर घेत गेले. इंजिन ओरडलं, वेग मोडला, आणि गाडी ट्रकच्या मागे न जाता कडेच्या मातीत जाऊन थांबली. मागून आत्याचा आवाज, “शिंग्रोबाला नाणं टाकायला थांबलीस होय गं? बरं केलंस.”

तिला काही कळलंच नव्हतं. आईला कळलं होतं. ती काही बोलली नाही, फक्त चिक्कीची पाकिटं उगाच नीट रचत बसली.

आता तुम्ही म्हणाल, जुनी गाडी असणार, देखभालीच्या नावाने बोंब असणार. तीच तर गंमत आहे. या गाडीवर मी जेवढे पैसे उडवलेत तेवढ्यात एखादीची युरोप ट्रिप झाली असती! गाडी २००२ची, होंडा सिटी, दीड लिटरचं व्हीटेक इंजिन, १०६ बीएचपी. बाबांनी घेतली तेव्हा मी बालवाडीत होते. पंधरा वर्षं झाल्यावर सगळे म्हणाले विका. मी म्हटलं मला द्या. ग्रीन टॅक्स भरला आणि गाडी माझी झाली. रोज डेक्कन ते विमाननगर धावायची, आणि वर्षातून एकदा-दोनदा आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅग रेसला जायची.

ड्रॅग रेसचा फंडा सोपा आहे. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. सरळ रेष. दिवा हिरवा झाला की सुटायचं. वळण नाही, डावपेच नाहीत, चुकलात तर पंधरा-सोळा सेकंदांत कळतं. याच्यासाठी मी एअर फिल्टर बदलला, एक्झॉस्टचे हेडर बदलले, हलकं फ्लायव्हील टाकलं, चिकट टायर घेतले. प्रत्येक गोष्टीवर मित्रांबरोबर तासन्‌तास चर्चा. ब्रेकवर किती? एका संध्याकाळी साधारण दहा मिनिटं. “रेसिंगचे पॅड टाक ना, टेन्शन नाही,” एक मित्र म्हणाला. इंपोर्टेड डबा होता, काळा-लाल, वर ज्वाळांचं चित्र. घेतले. ब्रेक ऑइलबद्दल कोणी विचारलंच नाही. मीही नाही.

आणि इशारा मिळाला नव्हता असंही नाही. साखरपुड्याच्या आठच दिवस आधी मी आंबी व्हॅलीला होते. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा काटा १४०च्या आसपास. ब्रेक दाबला, आणि पहिला सेकंदभर काहीच नाही. लाकडाच्या फळीवर पाय दिल्यासारखं. मग हळूहळू ब्रेक लागला. धावपट्टी लांब होती म्हणून निभावलं. मी मात्र हेल्मेट काढून सगळ्यांना माझा टाइम सांगत सुटले!

नंतर कळलं की दोन्ही वेळा ब्रेकने दगा दिला, पण कारणं अगदी उलटी. धावपट्टीवर ब्रेक थंड होता. घाटात तो तापला होता.

हे मला समजावलं आमच्या मेकॅनिक काकांनी. नाना पेठेच्या एका गल्लीत त्यांचं गॅरेज आहे, दोन गाड्या मावतील एवढं. त्यांनी माझ्या ज्वाळावाल्या पॅडचा डबा हातात घेतला, फिरवला आणि विचारलं, “ताई, तुम्ही ट्रॅकवर तासभर गोल-गोल फिरता का?”

“नाही. सरळ जाते. एकदाच.”

“मग हे कशाला?”

रेसिंग पॅडचं मिश्रण असं बनवतात की ते शेकडो अंशांना तापल्यावर खरं पकडतं. सर्किटवर दर वळणाला ब्रेक लागतो, पॅड गरम राहतात, तिथे ते झकास. ड्रॅगमध्ये काय होतं? तुम्ही रांगेत अर्धा तास उभे असता, पॅड गार पडलेले असतात, आणि मग एकदम, सगळ्यात जास्त वेगाला, एकच ब्रेक मारायचा असतो. म्हणजे हवा कसा पॅड? थंड असताना पहिल्या झटक्याला चावणारा. अगदी तोच गुण सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर पडताना कोणी शाळकरी पोरगं सायकल घेऊन आडवं आलं तर लागतो. रस्त्याची गरज आणि ड्रॅगची गरज इथे एकच आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मला वाटायचं रेस म्हणजे रेसिंगचं सामान. मुळात डब्यावरच्या ज्वाळा बघून ब्रेक घेणारी मी, मला काय बोलणार!

काकांनी पॅडच्या कडेवर छापलेली दोन इंग्रजी अक्षरं दाखवली. सगळ्याच पॅडवर नसतात, पण असली तर बघायची. पहिलं अक्षर थंड असतानाच्या पकडीचं, दुसरं गरम झाल्यावरचं. ‘ई’ म्हणजे घर्षणाचा गुणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ त्याच्या वर. दोन्हीकडे एफ असलेला, रस्त्यासाठीच बनवलेला जरा तगडा पॅड माझ्यासारखीला पुरे. फार धातू असलेले पॅड डिस्क खातात, किंचाळतात, आणि उष्णता पुढे कॅलिपरपर्यंत लवकर पोचवतात. आणि कॅलिपरमध्ये काय असतं? ब्रेक ऑइल.

काकांनी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण फिरवलं. आत कोरा चहा. दूध न घातलेला, तीनदा उकळलेला. पेनसारखं एक टेस्टर त्यांनी आत बुडवलं, लाल दिवा लागला. “कधी बदललंय?”

मी बाबांना फोन लावला. बाबांनी आठवून सांगितलं, आठ वर्षं तरी झाली.

ब्रेक ऑइल हे खरं तर तेल नाहीच. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. झाकण बंद असलं तरी रबरी पाइपांमधून, महिन्यामागून महिने. आपल्याकडचा पावसाळा म्हणजे त्याची मेजवानी. आणि जितकं पाणी जास्त, तितकं ते लवकर उकळतं. डॉट ३ प्रकारचं ताजं ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत टिकायला हवं, त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की हा आकडा १४०वर येतो. डॉट ४चं ताज्याला २३०, पाणी प्यायल्यावर १५५. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, म्हणून तुमच्या पायाचा जोर चाकापर्यंत जातो. वाफ मात्र मस्त दाबली जाते. तुमचा पाय बुडबुडे दाबत बसतो आणि गाडी निघून जाते. पेडल मॅटला टेकतं ते असं. पॅड जास्त तापून पकड सोडतात तेव्हा उलट पेडल कडक लागतं, फक्त गाडी थांबत नाही. माझं पेडल मऊ होतं, म्हणजे गुन्हेगार ऑइल. आणि ते तापवणारी मी. पाचव्या गियरमध्ये, गप्पा मारत, सतत पाय ब्रेकवर टेकवून घाट उतरत होते. ‘ज्या गियरमध्ये घाट चढतेस त्याच गियरमध्ये उतर’ हे बाबांचं वाक्य मी गाडी शिकताना शंभरदा ऐकलंय. ऐकलंय, एवढंच.

त्या रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसले. मासकॉम केलेल्या मुलीला दहावीचं फिजिक्स आठवायला जरा वेळ लागला. अकराशे किलोची गाडी १४०च्या वेगावरून थांबवायची तर जेवढी ऊर्जा ब्रेकमध्ये जाते, तेवढ्यात पावणेतीन लिटर साधं पाणी उकळीला येईल. बापरे, म्हटलं, केवढं हे! मग घाटाचा हिशोब केला. लोणावळ्यापासून खोपोलीपर्यंत उतार साधारण साडेपाचशे मीटरचा. चार माणसं आणि सामान धरून साडेतेराशे किलो. उत्तर आलं जवळजवळ नऊपट. यातलं बरंचसं हवा, टायर आणि इंजिन झेलतात, झेलू दिलं तर. म्हणजे ज्याला मी मर्दुमकी समजत होते ती रेस ब्रेकच्या दृष्टीने चहाचा ब्रेक होती, आणि आत्याला घेऊन साखरपुड्याला जाणं ही खरी परीक्षा.

दुसऱ्या दिवशी सामान आणायला नाना पेठेत गेले. पहिल्या दुकानात, “मॅडम, साहेबांना फोन लावून देता का?” मी म्हटलं साहेब मीच. दुसऱ्या दुकानातल्या मुलाने आपुलकीने डॉट ५ पुढे केलं. “फोरपेक्षा भारी, ताई. पाच आहे ना!” इथे मात्र अभ्यास कामाला आला. डॉट ५ हे सिलिकॉनचं. ते पाणी पीत नाही, पण आत शिरलेलं पाणी खाली साचून राहतं आणि शंभर अंशांनाच उकळतं. शिवाय हवा धरून ठेवतं, पेडल मऊ लागतं. आणि डॉट ३, डॉट ४ असलेल्या सिस्टिममध्ये ते घालायचंच नाही. डॉट ५.१ ही त्याच्या नावावर जाऊ नये अशी वेगळीच चीज, डॉट ४च्या जातकुळीतली. ताज्याला २६०, पाणी प्यायल्यावर १८०. नावं ठेवणाऱ्याला एकदा भेटायचंय मला.

मोह झाला तो मोटुलच्या आरबीएफ ६००चा. रेसिंगचं ऑइल, ताजं असताना ३१२ अंश! बाटली हातात होती. पण असं ऑइल लवकर-लवकर बदलायचं असतं, आणि आठ वर्षं झाकण न उघडणाऱ्या घराण्यातली मी. शेवटी चांगल्यापैकी डॉट ४ घेतलं, सीलबंद, लहान बाटल्यांत, कारण एकदा उघडलेली बाटली ठेवून पुढच्या वेळी वापरायची नसते. एका पिझ्झाच्या पैशांत काम झालं. काकांनी चारी चाकांचं जुनं ऑइल काढलं, कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावलं (एक पिन अडकलेली होती, म्हणजे एक चाक बारीकसा ब्रेक लावूनच धावत होतं, आणि मी सेकंदाचे दशांश वाचवायला फ्लायव्हील बदलत होते!), मागच्या ड्रमचे लायनर तपासले.

घाटातली गोष्ट मी अर्धीच सांगितली. देवळापाशी आम्ही पाऊण तास थांबलो. ऑइल गार झालं, पेडल परत वर आलं. आज कोणी विचारलं तर मी सांगेन, सरळ टो व्हॅन बोलवा. त्या दिवशी बाबा उतरले, फेरी मारून माझ्या बाजूला आले आणि म्हणाले, “सरक.” गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन वर्षांत त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. पहिला-दुसरा गियर करत त्यांनी गाडी खोपोलीपर्यंत उतरवली आणि तिथे टॅक्सी केली. मला ओरडले नाहीत. साखरपुड्यात पंगतीला शेजारी बसले, तरी त्या विषयावर एक शब्द नाही. त्यांनी ओरडावं म्हणून मी दोन दिवस घरात घुटमळत होते.

नवे पॅड टाकल्यावर ते बसवावे लागतात. रिकाम्या रस्त्यावर सत्तरवरून वीसवर, आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, आणि मग ब्रेक गार होईपर्यंत शांतपणे चालवत राहायचं. मी पहाटे साडेपाचला निघाले तर दारात बाबा, स्वेटर घालून. तळेगावच्या पुढे एक सरळ रस्ता गाठला. ते मोजत होते, “चार... पाच...” आणि प्रत्येक वेळी त्यांचा उजवा पाय त्यांच्या बाजूच्या मॅटवर, जिथे पेडल नाही तिथे, दाबला जात होता. दहाव्याला दाबला गेला नाही. की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

घरी आल्यावर बॉनेट उघडून पाण्याची बाटली भरायला गेले तर ब्रेक ऑइलच्या डबीवर पांढरी पट्टी चिकटवलेली. बाबांचं तिरकं अक्षर: डॉट ४, बदलल्याची तारीख, आणि खाली लाल पेनाने, दोनदा अधोरेखित, ‘दिवाळीला परत तपासणे’.