विषयांची निवड

दहावीचा निकाल लागून पेढे वाटून झाले, म्हणजे घराघरांतून एक नवा प्रश्न उभा राहतो : पुढे कोणते विषय घ्यावयाचे? 1975 पर्यंत महाराष्ट्रात अकरावी ही शाळेची अखेरची इयत्ता होती. त्या वर्षी नव्या रचनेतील दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि अकरावी व बारावी ही दोन वर्षे उच्च माध्यमिक शिक्षणाची ठरली. तेव्हापासून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना कला, वाणिज्य व विज्ञान या वाटांच्या तिठ्यावर उभे राहावे लागते. अर्ज भरावयास घटकाभर वेळ पुरतो. परंतु त्यावर लिहिलेली विषयांची चार-सहा नावे पुढील कित्येक वर्षांना वळण देतात.

कोकणातील एका खेड्यात असाच एक अर्ज पंधरा दिवस कोरा पडून होता. घरातील मुलीला गणितात 100 पैकी 95 गुण मिळाले होते. अभिनंदनासाठी येणारा प्रत्येक जण पेढा तोंडात टाकता टाकताच निर्णय देऊन जाई, “गुण उत्तम आहेत, तेव्हा विज्ञानच घ्या.” जणू काही शाखा म्हणजे गुणांचे बक्षीसच! मुलगी मात्र काही बोलत नसे. तिच्या मौनाला कारण होते. चार वर्षांपूर्वी तिच्या थोरल्या भावाने विज्ञान घेतले होते, ते केवळ त्याचे दोन मित्र तिकडे निघाले म्हणून. बारावीत तो भौतिकशास्त्रात नापास झाला आणि वर्षभर माणसांत मिसळेनासा झाला. पुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तो विजेचे काम शिकला. आज गावात कोणाचा पंप बिघडला तर त्यालाच बोलावणे येते. त्याच्या ठायी बुद्धीची उणीव कधीच नव्हती. परंतु ते एक वर्ष घरातील कोणीही विसरले नव्हते.

या घराची थोडीशी काजूची बाग होती. विक्रीचा हिशेब मुलगी सातवीत असल्यापासून एका वहीत लिहीत असे. एके वर्षी पीक भरघोस आले, आणि हाती पैसे मात्र आदल्या वर्षापेक्षा कमी पडले. बेरीज चुकली असावी, असे समजून तिने ती तीनदा करून पाहिली. बेरीज बरोबर होती. “माल वाढला की भाव पडायचाच,” असे म्हणून आई कामाला लागली. पण मुलीच्या मनातून तो प्रश्न गेला नाही. भाव किती पडतो, कशाने पडतो, तो कोण ठरवितो, हे तिला जाणून घ्यावयाचे होते.

अखेर ती गणिताच्या बाईंकडे गेली. बाईंनी उपदेश केला नाही. त्यांनी अकरावीची भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व अर्थशास्त्र यांची पुस्तके तिच्या हाती ठेवली आणि म्हटले, “पंधरा दिवस ही वाच. सोपे कोणते वाटले, ते मला सांगू नकोस. अवघड वाटूनही कोणते पुन्हा उघडावेसे वाटले, तेवढे सांग.”

पंधरा दिवसांनी उत्तर आपोआप पुढे आले. रसायनशास्त्राचे पुस्तक तिला समजले. पण एकदा मिटल्यावर ते पुन्हा उघडले गेले नाही. अर्थशास्त्रात मागणी व पुरवठा यांविषयी वाचताना तिला आपली हिशेबाची वही आठवली. आणि गणिताच्या पुस्तकावर ‘कला व विज्ञान’ अशी दोन्ही शाखांची नावे छापलेली पाहून तिला नवल वाटले. कला शाखेत गेल्यास गणित सोडावे लागेल, अशीच तिची समजूत होती. आपल्याकडे कित्येकांची अशी समजूत असते. वस्तुतः विषयांमधील कुंपणे आपण मानतो तितकी उंच नसतात. लोकमान्य टिळकांनी महाविद्यालयात गणिताचा अभ्यास केला, पुढे ते कायदा शिकले. आणि 1893 साली ‘ओरायन’ या ग्रंथात वेदांचा काळ ठरविताना नक्षत्रांच्या गणिताचाच आधार घेतला.

निवड करावयास मिळणे, ही गोष्टही लहान नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना शाळेत संस्कृत शिकावयाचे होते. परंतु अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्म झाला म्हणून तो विषय त्यांना नाकारण्यात आला आणि फारसी घ्यावी लागली. त्याच भाषेसह ते 1907 साली मॅट्रिक झाले, आणि संस्कृतचा अभ्यास त्यांनी पुढे स्वतःच्या प्रयत्नाने केला. ज्या अर्जाचा आज मुलांना कंटाळा येतो, त्यावरील एक विषय लिहिण्याचा अधिकार कोणे एके काळी एवढा दुर्लभ होता!

त्या रात्री जेवणे झाल्यावर मुलीने वडिलांना आपला विचार सांगितला. गावातील महाविद्यालयात कला शाखेला गणित नव्हते. ते तालुक्याच्या गावी होते. पहाटे सहाची एस.टी. गाठावी लागणार होती. अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेखाली खेड्यांतील मुलींना बारावीपर्यंत मोफत पास मिळतो, त्यामुळे भाड्याची चिंता नव्हती. वडिलांची चिंता निराळी होती.

“पोरी, उद्या मन बदलले तर?” त्यांनी विचारले.

“बाबा, विज्ञान घेऊन मागाहून कलेकडे वळता येते, उलट सहसा जमत नाही. डॉक्टर किंवा इंजिनिअर होण्याची वाट मला बंद होईल. पंधरा दिवस मी त्याचाच विचार केला.”

वडील काही बोलेनात. तेव्हा ओटीवर बसलेला भाऊ हलकेच म्हणाला, “बाबा, माझ्या वेळी मला कोणी विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही स्वतःला विचारले नाही. हिने विचारले आहे.”

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग वडील उठले, फळीवरचा चष्मा काढून त्यांनी डोळ्यांना लावला आणि म्हणाले, “आण तो अर्ज. काय काय लिहायचे, ते मला वाचून दाखव.”

ती मुलगी पुढे किती गुण मिळवील, काय होईल, हे आज कोणालाही सांगता येणार नाही. निवड योग्य असली तरी कष्ट चुकत नाहीत, आणि यशाची हमी तर कोणताच विषय देत नाही. तथापि आपण कोणत्या वाटेने निघालो आणि का निघालो, हे ज्याला ठाऊक असते, तो चढण लागली म्हणून दुसऱ्याला दोष देत बसत नाही. अर्ज पुरा झाल्यावर मुलीने घड्याळाचा गजर पाच वाजताचा लावून पाहिला. महाविद्यालय सुरू होण्यास अद्याप कितीतरी दिवस अवकाश होता.