एक छत्री, तीन खोल्या : आमच्या गच्चीवरचा इतिहास

१/१४
आजचा धागा किल्ल्यांचा किंवा लढायांचा नाही. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर चिंचवडच्या आमच्या घरी एकाच छत्रीवर तीन खोल्यांतील तीन दूरचित्रवाणी संच जोडण्याचे काम मी आणि माझ्या भावाने केले. ते करताना आपल्याच परिसराचा पन्नास वर्षांचा इतिहास हाती लागत गेला. शेवटी घरातली एक गोष्ट, जी आम्ही रोज पाहत होतो पण वाचत नव्हतो, तीही वाचता आली. म्हणून हा प्रपंच.

२/१४
आधी घराची स्थिती सांगते. बाबांनी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत ३१ वर्षे प्रेस शॉपमध्ये काम केले. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. भाऊ चाकणला रात्रपाळी करतो आणि दिवसा झोपतो. आजीला सकाळी कीर्तन आणि संध्याकाळी मालिका हवी. संच एकच, तोही बैठकीच्या खोलीत. बाबा आवाज इतका वाढवीत की भाऊ उठून बसे; आवाज कमी केला की बाबा चिडत. रोजच्या या वादावर भावाने तोडगा काढला : प्रत्येकाला आपापला संच.

३/१४
छत्रीची जागा पाहायला गच्चीवर गेले, तेव्हा कोपऱ्यात आजोबांनी बसवलेला जुना अँटेना दिसला. काड्या वाकलेल्या, पण तोंड अजून दक्षिणेकडेच. दक्षिणेकडे का? कारण तिकडे सिंहगड आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून ते पुणे परिसरात दिसू लागले. ज्या गडाकडे आपण १६७०च्या लढाईसाठी पाहतो, त्याच गडाकडे पुण्या-पिंपरीतील हजारो गच्च्या कित्येक वर्षे अँटेना रोखून होत्या. दोन्ही वेळी कारण एकच होते : उंची. गडावरून जितका मुलूख दिसतो, तितक्याच मुलखाला गडावरचा मनोरा दिसतो.

४/१४
उपग्रहाशी मात्र आपल्या पट्ट्याचा संबंध आणखी जुना आहे. चाकणहून नाशिक रस्त्याने राजगुरुनगर आणि मंचर मागे टाकून गेले की नारायणगावाजवळ आर्वी लागते. परदेशांशी उपग्रहामार्गे दूरध्वनी आणि तार यांचा व्यवहार करणारे भारताचे पहिले भू-केंद्र १९७०च्या दशकाच्या आरंभी इथे उभे राहिले. त्याच्या छत्रीचा व्यास होता सुमारे ३० मीटर. पुढे केंद्राला विक्रम साराभाईंचे नाव देण्यात आले. आमच्या गच्चीवरची छत्री एका माणसाने काखेत धरून जिना चढवली. हा फरक का पडला, हे समजले की अर्धा इतिहास समजतो : अवकाशातील उपग्रह जसजसे शक्तिमान होत गेले, तसतशी जमिनीवरची छत्री लहान होत गेली.

५/१४
मधला टप्पा आपल्या शेजारी घडला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात भारताने अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने ६ राज्यांतील २४०० खेड्यांत थेट कार्यक्रम पोहोचवले. या प्रयोगाचे नाव ‘साइट’. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण सोलापूरच्या सीमेला लागून असलेले विजापूर आणि गुलबर्गा हे जिल्हे होते. छत्री ३ मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीची. गावाला संच एक, आणि त्यासमोर सारे गाव. आमच्या घरात ४ माणसांना ३ संच बसवताना ही संख्या माझ्या मनातून जात नव्हती.

६/१४
आता छत्रीचे तोंड कुठे करायचे? विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असलेला उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून तो आकाशात एका जागी स्थिर दिसतो. अशा कक्षेतून जगभर संदेश पोहोचवता येतील, हे आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली मांडले होते. उदाहरणार्थ, दूरदर्शनच्या फ्री डिशचे कार्यक्रम देणारा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. चिंचवडहून त्याची दिशा साधारण आग्नेय आणि उंची सुमारे ५९ अंश येते. हे गणित अकरावीच्या त्रिकोणमितीने सुटते. जुना अँटेना दक्षिणेच्या क्षितिजाकडे पाहतो, नवी छत्री आग्नेयेच्या आकाशाकडे. दोघांच्या मानेतला हा फरक म्हणजे दोन युगांतला फरक.

७/१४
या दोन युगांच्या मधे केबलचा काळ येतो. ३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि राष्ट्रीय प्रसारण उपग्रहावरून देशभर पसरले. १९९१च्या आखाती युद्धात परदेशी वाहिनीवरचे थेट युद्ध लोकांनी पाहिले. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी सुरू झाली. गल्लीतील एखाद्या धडपड्या तरुणाने मोठी छत्री घ्यायची आणि या गच्चीवरून त्या गच्चीवर वायर फेकत घरे जोडायची, हा धंदा कायद्याच्या आधी उभा राहिला. कायदा आला १९९५ साली. पुढे डिजिटल सक्तीच्या दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३च्या मुदतीच्या शहरांत, पिंपरी-चिंचवडचेही नाव होते.

८/१४
घरोघरी स्वतंत्र छत्री लावून थेट कार्यक्रम घेण्यावर मात्र सरकारने १९९७मध्ये बंदी घातली होती. परवानगीचे धोरण २०००च्या अखेरीस ठरले आणि पहिली खाजगी सेवा २००३मध्ये सुरू झाली. राज्यसंस्थेला आकाशातून थेट घरात येणाऱ्या चित्राची चिंता का वाटली असावी, याचा विचार तुम्हीही करा. सिंहगडाचा मनोरा बंद करता येतो, गल्लीतला केबलवाला बोलावून घेता येतो. लाखो छत्र्यांचे काय करणार?

९/१४
आता प्रत्यक्ष काम. पहिल्यांदा आलेल्या तंत्रज्ञाने छत्रीवरून आलेल्या एकाच वायरला स्प्लिटर लावून तिला दोन फाटे फोडले आणि तो निघून गेला. आजीची मालिका सुरू असताना बाबांनी बातम्या लावल्या की आजीच्या पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येई. दर वेळी नव्हे, काही वाहिन्यांवरच. भावाने वही घेतली आणि दोन दिवस नोंद केली : कोणत्या खोलीत कोणती वाहिनी लावल्यावर दुसऱ्या खोलीतील कोणती वाहिनी जाते. अभिलेखागारात बसून मी जे शिकते, तेच तो चाकणच्या कारखान्यात दोष शोधताना करतो.

१०/१४
नोंदींवरून उलगडा झाला. छत्रीच्या तोंडाशी जे यंत्र असते, त्याला एलएनबी म्हणतात. उपग्रहावरून येणारी अतिउच्च वारंवारता वायरीतून फार दूर टिकत नाही, म्हणून ते ती खाली उतरवते. एकाच वारंवारतेवर उभ्या आणि आडव्या अशा दोन प्रकारच्या लहरी येतात. त्यांपैकी कोणत्या हव्यात, हे सेट-टॉप बॉक्स त्याच वायरीतून व्होल्टेज पाठवून सांगतो : १३ व्होल्ट म्हणजे उभ्या, १८ म्हणजे आडव्या. एका वायरीवर दोन बॉक्स असले आणि त्यांनी वेगवेगळी मागणी केली, तर ज्याचे व्होल्टेज जास्त त्याचे चालते; दुसऱ्याचा पडदा रिकामा. आजीच्या वाहिन्या १३च्या होत्या, बाबांच्या १८च्या.

११/१४
उपाय सरळ होता. चार स्वतंत्र तोंडे असलेला एलएनबी आणला आणि प्रत्येक बॉक्सला थेट स्वतःची आरजी-६ वायर दिली. जुन्या पाइपातून स्प्रिंग घालून तीन वायरी ओढल्या; चौथीही ओढून ठेवली, कारण भिंत पुन्हा फोडायची नव्हती. वायर घरात शिरते तिथे तिला खाली झोल दिला, म्हणजे पावसाचे पाणी तिथूनच ठिबकेल, आत येणार नाही. गच्चीवरच्या जोडांवर टेप गुंडाळली, छत्रीच्या खांबाला अर्थिंग दिले. मी वर छत्री केसभर हलवायची, भाऊ खाली पडद्यावरचा आकडा पाहून फोनवर सांगायचा. तासाभरात तिन्ही खोल्यांत चित्र आले. भांडण मिटले.

१२/१४
चार दिवसांनी मी बाबांच्या खोलीत गेले. दार लावलेले, सातच्या बातम्या चालू. पडद्यावर आवाजाचा आकडा होता ६८. बैठकीत तो ४०च्या पुढे गेला की आम्ही ओरडत असू. मी महाविद्यालयात होते तेव्हा तो २०-२२ असे, हे मला स्वच्छ आठवले. मी साधनांची चिकित्सा शिकते. एकच आकडा वर्षानुवर्षे चढत जातो याचा अर्थ काय, हे मला कागदावर दिसले असते तर क्षणात सांगितले असते. आम्ही त्याला बाबांचा हट्ट समजत होतो. आता तर तिसरी वायर ओढून, दार लावून, घरात असलेला एकमेव पुरावाही आम्ही आमच्या कानांआड करून टाकला होता.

१३/१४
श्रवण तपासणी केली. आलेखावर उच्च वारंवारतेकडे, ४००० हर्ट्झच्या आसपास, खोल खड्डा होता. सतत मोठ्या आवाजात काम केलेल्यांच्या कानांची ही ठरलेली खूण. अशा माणसाला बोलणे ऐकू येते, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ असे वर्ण निसटतात. म्हणून शब्द कळत नाहीत आणि तो आवाज वाढवत जातो. गोंगाटामुळे येणारे बहिरेपण कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत, कळवणे बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य रोगांमध्ये नोंदलेले होते. बाबांना ३१ वर्षांत हे कुणी सांगितल्याचे आठवत नाही. तपासणी करणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘गेलेले परत येणार नाही, यंत्राने राहिलेले वापरता येईल.’ बाबा बराच वेळ गप्प होते. मग मला म्हणाले, ‘मला वाटायचं, हल्ली बातम्या देणारेच पुटपुटतात.’

१४/१४
आता बाबांच्या कानाला यंत्र आहे आणि आकडा २६वर असतो. निवृत्तीनंतर काही दावा करता येतो का, याची चौकशी मी करते आहे. जुनी हजेरीपत्रके आणि पगारपत्रके गोळा करणे मला येते. तिन्ही संच आहेत, पण सातच्या बातम्या बाबा पुन्हा बैठकीत येऊन पाहतात.
पिंपरी-चिंचवडचा इतिहास लिहिताना आपण कारखान्यांची स्थापनावर्षे लिहितो. त्या कारखान्यांचा आवाज कुणाच्या कानांत साठला, हे कुठल्याही दप्तरात सापडणार नाही. ते घरातल्या रिमोटवर सापडेल. तुमच्या घरी कारखान्यातून निवृत्त झालेले कुणी असेल, तर आज तो आकडा पाहा. आणि गच्चीवर जुना अँटेना असेल, तर भंगारात देण्याआधी तो कोणत्या दिशेला रोखला आहे, तेवढे लिहून ठेवा.