एकवीस हजारांत तिकांडं

रब्बीत रात्रीची लाईट असली की ज्वारीला पाणी द्यायला रात्रीच शेतात जावं लागतं. मोटार चालू करायची, दारं धरायची आणि वाफा भरेपर्यंत बांधावर बसायचं. सोनारीच्या शिवारात मी आकाश बघायला शिकलो ते असं. माझे चुलते तात्या घड्याळ वापरत नाहीत. मृगातल्या ओळीतल्या तीन चांदण्यांना ते तिकांडं म्हणतात आणि तिकांडं किती कललं यावरून रात्र किती उरली ते सांगतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये, दसऱ्यानंतरच्या दिवसांत, सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला त्सुचिनशान-अ‍ॅटलस धूमकेतू दिसत होता. त्याची शेपटी डोळ्यांना कळत होती, पण मोबाईलच्या फोटोत नुसता करडा डाग आला. आपल्या हयातीत तो परत येणार नाही, ही गोष्ट मनाला लागून राहिली. सोयाबीनच्या पैशांतून पंचवीस हजार बाजूला काढले आणि कॅमेरा शोधायला लागलो.

पहिल्या दुकानात साठ पट झूमचा कॅमेरा पुढे आला. चंद्र त्यात ताटाएवढा दिसतो, म्हणून मी जवळजवळ घेतलाच होता. घरी येऊन मापं वाचली तेव्हा हिशेब उलटा निघाला. अशा कॅमेऱ्यांत सेन्सर साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटरचा असतो. साध्या डीएसएलआरचा सेन्सर २२ बाय १५ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळानं बारा पट. ताऱ्यांचा उजेड पावसासारखा थेंबाथेंबानं येतो. तो गोळा करायला भांडं रुंद लागतं. चंद्र उजळ आहे, त्याला झूम चालतो. तेजोमेघ आणि आकाशगंगा यांना मोठा सेन्सर, रुंद तोंडाची लेन्स आणि शटर हवा तेवढा वेळ उघडं ठेवण्याची सोय लागते. मेगापिक्सेल किती, हा प्रश्न मी त्या दिवशीच सोडून दिला.

नवा डीएसएलआर बजेटबाहेर होता. पण लग्नाचे फोटो काढणारे बरेच जण आता मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळले आहेत आणि त्यांचे जुने कॅमेरे विकायला निघतात. बार्शीत असे दोन बघितले. तपासायची रीत सोपी आहे: लेन्सला झाकण लावायचं, आयएसओ १६०० ठेवायचा, ३० सेकंदांचा फोटो काढायचा आणि तो काळा फोटो मोठा करून बघायचा. चार-दोन लाल-निळे ठिपके चालतात, ते पुढे काढता येतात. पहिल्या कॅमेऱ्याच्या काळ्या फोटोत उभे पट्टे होते. तो दिसायला नव्यासारखा होता, तरी परत केला. दुसरा घासलेला, रबर सुटलेला कॅनन १३००डी. हे मॉडेल २०१६ सालचं. त्याचा काळा फोटो स्वच्छ आला. १८-५५ लेन्ससह तेरा हजारांना घेतला.

सोबत ५० मिलिमीटर, एफ १.८ ची जुनी लेन्स साडेचार हजारांना घेतली आणि खरा फरक तिनं पाडला. कॅमेऱ्यासोबतची लेन्स १८ मिलिमीटरवर एफ ३.५ ची असते, म्हणजे उजेड आत यायला जेमतेम ५ मिलिमीटरचं तोंड. या लेन्सचं तोंड २८ मिलिमीटरचं आहे. पूर्ण उघडली तर कडेचे तारे फाटतात, म्हणून मी ती एफ २.८ वर ठेवतो.

२९ जानेवारी २०२५, पौष अमावस्या. गुरू रोहिणीजवळ होता आणि नऊच्या पुढे मृग चांगलं वर आलं. फोकस आपोआप लागत नाही. स्क्रीनवर व्याध दहा पट मोठा करून हातानं रिंग फिरवत तो टाचणीच्या टोकाएवढा केला. पुस्तकी नियम असा की ५०० ला लेन्सच्या लांबीनं आणि सेन्सरच्या १.६ या गुणकानं भागायचं. ५० च्या लेन्सला सहा सेकंद येतात. सहा सेकंदांत तारे लांबट झाले, चारमध्येही थोडे. तीन सेकंदांवर ते गोल राहिले. मग तीन-तीन सेकंदांचे शंभर फोटो काढले. लेन्सवर झाकण ठेवून तेवढ्याच वेळाचे वीस काळे फोटोही घेतले. ते सगळे सिरिल या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचले. शंभर फोटो रचले की चित्रातली खरखर दहा पट कमी होते.

तिकांड्याच्या खाली तीन बारीक चांदण्यांची आणखी एक ओळ आहे. तिच्यातली मधली चांदणी फोटोत चांदणी राहिली नाही. तिथं पंख पसरल्यासारखा जांभळट ढग उमटला. नवे तारे जन्मतात तो हा तेजोमेघ, सुमारे १,३०० प्रकाशवर्षं दूर. त्याचा खरा लाल रंग माझ्या फोटोत फिका आहे, कारण साध्या कॅमेऱ्यातली गाळणी हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल उजेड बराचसा अडवते. ती काढून घेता येते, पण मी काढलेली नाही. तात्यांना लॅपटॉपवर फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एवढी वर्षं ह्याच्यावर वेळ बघितली, पण ह्याच्यात हे असंल असं वाटलं नव्हतं."

पुढं तारे लांबट होऊ नयेत म्हणून सुताराकडून दोन फळ्या बिजागरीनं जोडून घेतल्या. बिजागरीची रेघ ध्रुवाकडे रोखायची. सोनारी १८ अंशांवर, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून १८ अंशांवर. बिजागरीपासून २२.९ सेंटिमीटरवर ६ मिलिमीटरचा बोल्ट. तो एका फेऱ्यात १ मिलिमीटर सरकतो. मिनिटाला एक फेरा दिला की वरची फळी पाव अंश उघडते आणि आकाशही मिनिटाला तेवढंच फिरतं. आता ५० च्या लेन्सनं ३० सेकंदांचे फोटो गोल येतात. गावात माकडं पुष्कळ, त्यामुळे गच्चीवर काही मांडून ठेवता येत नाही. सगळं शेतातच, रात्रीपुरतं.

कॅमेरा तेरा हजार, लेन्स साडेचार हजार, ट्रायपॉड बावीसशे, वायरचा रिमोट सातशे, फळ्या-बोल्ट सहाशे: एकवीस हजार झाले. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं याहून जास्त घालू नये. थंडीत सुरू करा. उन्हाळ्याच्या रात्री सेन्सर तापतो आणि खरखर वाढते.

या कामातली सगळ्यात मोलाची वस्तू मात्र दुकानात मिळत नाही. पुण्यातली माणसं काळोख शोधायला गाडी काढून घाट ओलांडतात, आपल्याला तो बांधावर मिळतो. अलीकडे वस्त्यांवर आभाळाकडे तोंड केलेले एलईडी फोकस वाढले आहेत. आपल्या फोकसचं तोंड जमिनीकडे करा. वाट तेवढीच उजळेल आणि तिकांडंही दिसत राहील.