स्वारीचा दिनक्रम

स्वारीचा मुक्काम सध्या आईच्या पोटात. आठवा महिना सरत आलाय. चेहरा अजून कुणाला नीट दिसलेला नाही, कारण सोनोग्राफीच्या वेळी हात नेमका तोंडावर घेतला होता. स्वभाव मात्र घरादाराला पाठ झालाय.

स्वारी निशाचर आहे. दिवसा आईच्या कामाच्या धांदलीत तिचा फारसा पत्ता लागत नाही. रात्री दिवा मालवून आई डाव्या कुशीवर वळली, की आत दिवस उजाडतो. झोप तशी सावध. एक डुलकी २० ते ४० मिनिटांची, दीड तासाच्या वर सहसा जात नाही.

मिजासही भारी. बाबांनी पोटावर हात ठेवला की सगळं चिडीचूप. बिचारे बराच वेळ वाट पाहून उठतात, दारापर्यंत पोचतात, आणि मागे पोटावर एक टेंगूळ डावीकडून उजवीकडे खुशाल सरकत जातं.

कान तिखट. कुकरची शिट्टी झाली की दचकायचं, हे ठरलेलं. पण खरी ओढ आईच्या आवाजाची. १९८० साली डीकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी नवजात बाळांच्या तोंडात चोखणी दिली. एका तऱ्हेने चोखलं की आईचा आवाज, दुसऱ्या तऱ्हेने परक्या बाईचा. जेमतेम दोन-तीन दिवसांच्या त्या बाळांनी आईचाच आवाज मागून घेतला. ओळख आतच पटलेली असते.

मध्येच उचक्या लागतात. टक्, टक्, टक्, एका लयीत, कितीतरी वेळ. आई आधी घाबरली होती. आता ‘लागली वाटतं उचकी’ म्हणून भाजी निवडत बसते.

अलीकडे जागा अपुरी पडते. कोलांट्या बंद झाल्या; त्यांच्या जागी आळोखेपिळोखे आले, आणि बरगडीखाली टाच रुतवून ठेवण्याचा हट्ट. म्हणून स्वारी थंडावली असं मात्र नाही. ‘दिवस भरत आले की बाळ शांत होतं’ असं बायका सांगतात, ते खरं नाही. हालचाली साधारण ३२व्या आठवड्यापर्यंत वाढत जातात आणि पुढे प्रसूतीपर्यंत तेवढ्याच राहतात. ढंग बदलतो, उत्साह नाही.

म्हणूनच हा दिनक्रम ओळखीचा असणं फार मोलाचं. रोज रात्री धुडगूस घालणारी स्वारी एखाद्या रात्री गप्प बसली, तर ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. गोड खाऊन वाट पाहत बसायचं नाही. थेट दवाखाना गाठायचा. बहुतेकदा सगळं ठीक निघतं; कधी वेळेवर गेल्यानेच ठीक होतं. या स्वारीची नस न् नस जाणणारी एकच व्यक्ती आहे. तिने ‘आज काहीतरी वेगळं वाटतंय’ म्हटलं, की घरातल्यांनी उलटतपासणी न करता गाडी काढावी.