शिबपूरचा वड आणि त्याचे भाऊबंद

कोलकात्याला गेलेली मंडळी व्हिक्टोरिया मेमोरियल पाहतात, कालीमातेचे दर्शन घेतात, न्यू मार्केटात साड्या घेतात आणि परततात. हुगळी ओलांडून हावड्याच्या बाजूला शिबपूरला जाणारे थोडेच. १७८७ साली रॉबर्ट किड यांनी इथे नदीकाठी वनस्पती उद्यान उभारले. २००९पासून त्याला आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव आहे.

इथे येणारा प्रत्येक जण आधी वडाकडे धावतो. साडेचार एकरांहून अधिक जागा व्यापणारे हे एकच झाड! लांबून राईच वाटते. १८६४ आणि १८६७च्या वादळांत मूळ बुंधा जखमी झाला, पुढे त्याला बुरशी लागली आणि १९२५ साली तो काढून टाकावा लागला. वड मात्र पारंब्यांवर उभा आहे. मे २०२०च्या अम्फान वादळाने त्याचीही बरीच मोडतोड केली.

या वडाचे नातेवाईक कोण? आपण पाने आणि आकार पाहून अंदाज बांधतो. शास्त्रज्ञ मुख्यतः फुला-फळांच्या रचनेवरून नाते ठरवत आले. आता त्याच्या जोडीला डीएनएची तपासणीही असते. पण वडाला फूल दिसते कुठे? क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. खरे तर उंबर फोडला की आत शेकडो बारीक फुलेच फुले! वड, पिंपळ, उंबर, अंजीर या सगळ्यांची फुले अशीच फळासारख्या दिसणाऱ्या पोकळीत दडलेली. म्हणून या सख्ख्या भावांची प्रजाती एकच, फायकस. फणस आणि तुती हे चुलत घराणे. त्यांची फुले बाहेरच्या अंगाला असतात. कुल मात्र तेच.

नावाचा घोळ निस्तरणे हे यातले किचकट काम. इथले अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी भारतीय चित्रकारांकडून वनस्पतींची अडीच हजारांवर चित्रे काढून घेतली. उंबराला त्यांनी ‘फायकस ग्लोमेराटा’ म्हटले. पण लिनियसने १७५३ सालीच त्याला ‘फायकस रेसिमोझा’ नाव दिले होते. नियम असा, की आधीचे नाव खरे. रॉक्सबर्गसारख्या मोठ्या माणसाचे नाव मागे पडले, तरी जुन्या आयुर्वेदाच्या पुस्तकांत ते अजून भेटते. औषधी झाडाला दोन नावे असली, की एकाच वनस्पतीच्या दोन समजल्या जाण्याचा धोका असतो.

असा वाद मिटवायला पुरावा लागतो. तो उद्यानातल्याच केंद्रीय राष्ट्रीय वनस्पती संग्रहालयात, वाळवून कागदावर चिकटवलेल्या लाखो नमुन्यांत जपला आहे. नव्या जातीला नाव देताना एक नमुना आधार म्हणून ठरवावा लागतो; पुढे शंका आली, की त्याच्याशी ताडून पाहायचे. कीड आणि दमट हवेपासून हे जुने कागद सांभाळणे काही सोपे नाही. ते काम करणाऱ्यांचे मला वडाइतकेच कौतुक वाटते.

जायचे तर हिवाळ्यात, सकाळी. बाग अडीचशे एकरांहून मोठी आहे. मुले बरोबर असतील तर पाण्याची बाटली विसरू नका.