डायनामोची आठवण

परक्या घरी पाऊल टाकताना आधी त्या घराची रीत विचारावी, असे आमच्या सदलग्यातील वडीलधारी माणसे सांगत असत. हा उपदेश यंत्रालाही लागू पडतो, हे मला एका जुन्या ट्रॅक्टरने शिकविले. मात्र ते शिकण्याच्या भरात मी एका भल्या माणसाचे मन दुखविले. ती हकीकत आज सांगावीशी वाटते.

या गोष्टीला पन्नास वर्षे होत आली. दूधगंगेच्या काठी आमचा थोडा ऊस होता. शेतीच्या कामासाठी आप्पांनी करड्या रंगाचा जुना फर्ग्युसन विकत घेतला होता. या जातीचे ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरी तयार झाले आणि पाच लाखांहून अधिक नग तेथून देशोदेशी गेले. आमचा ट्रॅक्टर डिझेलवर चाले. त्याची देखभाल गावातील एक वयस्क मिस्त्री करीत. आम्ही मुले त्यांना मिस्त्रीमामा म्हणत असू.

मी तेव्हा नुकताच यंत्रविद्येची पदविका घेऊन घरी आलो होतो. ट्रॅक्टरचे झाकण उघडून पाहतो तो काय, बॅटरीची धन बाजू, जिला आपण प्लस म्हणतो, ती ट्रॅक्टरच्या लोखंडी अंगाला जोडलेली! आमच्या पुस्तकात तर ऋण बाजू अंगाला जोडावी असे लिहिले होते. मी आप्पांना म्हणालो, "मिस्त्रीमामांनी बॅटरी उलटी जोडली आहे."

आप्पा म्हणाले, "त्यांना विचारून मग हात लाव."

मी विचारले नाही. दोन्ही तारा काढून अदलाबदल केली. बॅटरीचा धन खांब जाड असतो आणि ऋण खांब किंचित बारीक. त्यामुळे तारांचे चिमटे नीट बसेनात. यंत्र मला त्याच वेळी सावध करीत होते. मी ते ठोकून बसविले. सेल्फ फिरला, इंजिन सुरू झाले आणि माझी छाती फुगली. सेल्फची मोटर प्रवाहाची दिशा बदलली तरी त्याच बाजूला फिरते, हे ज्ञान त्या क्षणी मला आठवले नाही. अँपिअर-मीटरचा काटा मात्र जोराने भलतीकडे गेला. मी म्हटले, "मीटरच उलटा असणार." थोडा जळका वास आला, त्याकडेही मी दुर्लक्ष केले.

नाताळ तोंडावर आला होता आणि उसाची घाई होती. त्याच रात्री आप्पा रिकामी ट्रॉली घेऊन परत येत असता दिवे मंद होत होत विझले. पुढे बैलगाड्यांची रांग होती. गाड्या वाचविण्यासाठी आप्पांनी ट्रॅक्टर चरीत घातला. प्राण वाचले, परंतु त्यांचे मनगट मोडले.

आणि मी काय केले? सकाळी चौकात चार माणसांदेखत मिस्त्रीमामांना म्हणालो, "तुमच्या उलट्या जोडणीने हा घात केला." ते एक शब्दही बोलले नाहीत. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून आमच्या अंगणात आले.

त्यांनी डब्याचे झाकण उघडले. आतील कटआउटचे पॉइंट जळून काळे पडले होते. ते शांतपणे म्हणाले, "बाळ, हे यंत्र जन्मापासून असेच आहे. याच्या घरी धन बाजू जमिनीला बांधायची रीत आहे. तू बॅटरी फिरवलीस, पण डायनामोला ते कोणी सांगितले?"

त्या एका प्रश्नात सारे शास्त्र होते. डायनामोच्या लोखंडात, तो थांबल्यावरही, थोडे चुंबकत्व शिल्लक राहते. पुन्हा फिरू लागला की त्या शिल्लक चुंबकत्वावरूनच वीज कोणत्या बाजूने वाहायची हे ठरते. मी बॅटरी उलटी केली, तरी डायनामो जुन्या आठवणीप्रमाणेच वीज काढीत राहिला. कटआउट मिटताच दोघे एकमेकांना साहाय्य करण्याऐवजी एकमेकांवर तुटून पडले. पॉइंट जळाले, बॅटरीला भरणा मिळेना आणि होती तेवढी वीज दिव्यांनी संपविली.

मिस्त्रीमामांनी पॉइंट बदलले, दुसरी भरलेली बॅटरी पूर्वीच्याच रीतीने जोडली. मग डायनामोच्या फील्डची तार सोडून, बॅटरीच्या अंगाला न जोडलेल्या खांबावरून आणलेली तार त्या जागी क्षणभर तीनदा टेकविली. बारीक ठिणग्या उडाल्या. "त्याला आठवण करून दिली," ते म्हणाले. इंजिन सुरू होताच काटा भरण्याच्या बाजूला सरकला.

मग हसून म्हणाले, "ऋण बाजूही अंगाला जोडता येते, बरे का. पण मग डायनामोला नवी रीत शिकवावी लागते, मीटरच्या तारा बदलाव्या लागतात. घरातील सर्वांना एकदम सांगावे लागते."

मी त्यांचे पाय धरले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच चौकात त्याच माणसांपुढे माझी चूक कबूल केली. एकांतातील क्षमायाचना चौकातील अपमान पुसू शकत नाही, असे आप्पांनी मला बजावले होते.

पुढे वाचनात आले की १९३० नंतरच्या दशकापासून इंग्लंडमधील बहुतेक गाड्यांना हीच रीत होती. १९४७ ते १९५२ या काळात निघालेला अमेरिकेतील फोर्डचा ८एन ट्रॅक्टरही तसाच. १९६० नंतरच्या दशकात आल्टरनेटर आले आणि ऋण बाजू अंगाला जोडण्याची रीत सर्वत्र रूढ झाली. आल्टरनेटरमधील डायोड उलटी बॅटरी क्षणभरही सोसत नाहीत, लगेच जळतात.

आजही कोणाच्या गोठ्याशेजारी असा म्हातारा ट्रॅक्टर उभा असेल, तर आधी त्याची रीत पाहा. बॅटरी काढताना अंगाची तार प्रथम सोडा आणि बसविताना ती शेवटी जोडा. दुसऱ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून तो सुरू करायचा झाल्यास धनाला धन व ऋणाला ऋणच जोडा. आणि दोघांच्या रीती भिन्न असतील, तर त्यांची लोखंडी अंगे, साखळीनेसुद्धा, एकमेकांना लागू देऊ नका.

आप्पांचे मनगट जुळले, पण थंडीत ते शेवटपर्यंत दुखे. दुखले की ते माझ्याकडे पाहून एवढेच म्हणत, "विचारले असतेस तर?"