रक्कम आणि तारीख

व्यवसाय शिक्षणासाठी मिळणाऱ्या शासकीय आर्थिक साहाय्याचा विचार करताना काही संज्ञांमधील फरक आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण रोजच्या बोलण्यात या सर्वच गोष्टींना सरसकट ‘स्कॉलरशिप’ म्हटले जाते आणि विद्यार्थी व पालक यांच्या अपेक्षाभंगाचे मूळ बहुधा या सरसकटपणातच सापडते. संस्थेचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शासनाने सोसणे याला शुल्क प्रतिपूर्ती म्हणतात. शिकण्याच्या काळात खाण्यापिण्याचा, राहण्याचा व जाण्यायेण्याचा खर्च भागावा म्हणून मिळणारी रक्कम म्हणजे निर्वाह भत्ता. आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील, म्हणजेच आयटीआयमधील, पात्र प्रशिक्षणार्थ्यास दरमहा मिळते ते विद्यावेतन. प्रशिक्षण संपल्यावर कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून काम करताना हाती येणाऱ्या रकमेलाही विद्यावेतनच म्हणतात, परंतु ते १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली आस्थापनेकडून मिळत असल्याने त्याची जात वेगळी आहे. शासकीय आयटीआयचे शुल्क मुळातच कमी असल्यामुळे तेथील मुलामुलींच्या दृष्टीने खरा प्रश्न शुल्काचा नसून निर्वाहाचा असतो, आणि निर्वाहाच्या प्रश्नात रकमेइतकेच, किंबहुना रकमेहून अधिक महत्त्व ती रक्कम कोणत्या महिन्यात हाती पडते याला असते. प्रस्तुत लेखक आधी प्रशिक्षणार्थी आणि पुढे प्रदीर्घ काळ शिल्पनिदेशक, म्हणजे कार्यशाळेत व्यवसाय शिकवणारा शिक्षक, म्हणून या व्यवस्थेच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलेला असल्याने पुढील विवेचन त्या अनुभवावर आधारलेले आहे.

हा अनुभव ज्या भद्रावतीतला आहे ते गाव हातच्या कामाला नवखे नाही. विजासनची लेणी ज्यांनी खडकात कोरली त्यांचा वारसा दूरचा मानला, तरी अलीकडच्या काळात कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघाने येथील मातीतून कुंभारकामाचे आणि सिरॅमिकचे प्रशिक्षण उभे केले, आणि चाकावर बसणाऱ्या कारागिरालाही शास्त्र शिकण्याचा अधिकार आहे ही गोष्ट या गावाने आयटीआयचे नाव सर्वतोमुखी होण्याआधीच पाहिली. आज भद्रावतीच्या एका अंगाला चांदा आयुध निर्माणी आहे, जी १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सार्वजनिक कंपनीचा भाग झाली. दुसरीकडे माजरी परिसरातील वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसाखाणी आहेत. चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत केंद्र आणि बल्लारपूरची कागद गिरणी येथून फार लांब नाहीत. इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर हे शब्द त्यामुळे येथील घराघरात अर्थ घेऊन येतात. परंतु याच तालुक्याची दुसरी बाजू ताडोबाच्या जंगलाला भिडलेली आहे. मोहर्ली, मुधोली, चंदनखेडा या बाजूच्या गावांतून येणाऱ्या मुलांचे घर मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलांवर, मेमध्ये तेंडूपानांच्या पुड्यांवर आणि उरलेले वर्ष सोयाबीन, कापूस आणि मजुरीवर चालते. अशा घरातून अठरा वर्षांचे कमावते माणूस कार्यशाळेत पाठवणे म्हणजे त्याच्या मजुरीवर पाणी सोडणे होय. शिष्यवृत्तीच्या कोणत्याही तक्त्यात या बुडालेल्या मजुरीचा रकाना नसतो.

तंत्रशिक्षण आणि निर्वाह यांची सांगड ही नंतर कोणी सुचवलेली सुधारणा नसून शिष्यवृत्तीच्या मूळ कल्पनेतच ती होती, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सादर केलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांबरोबरच विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी साहाय्याची आणि सरकारी छापखाने व रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीची मागणी केली होती. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली आणि १९४८-४९ मध्ये ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली. आज भारत सरकार शिष्यवृत्ती या नावाने ओळखली जाते ती हीच. मॅट्रिकोत्तर म्हणजे दहावीनंतरचे कोणतेही मान्यताप्राप्त शिक्षण, त्यामुळे दहावीच्या पात्रतेवर प्रवेश मिळणारे आयटीआय आणि तंत्रनिकेतन पदविका हे दोन्ही तिच्या कक्षेत येतात. मात्र अभ्यासक्रमांच्या चार गटांमध्ये त्यांचे स्थान शेवटच्या, म्हणजे चौथ्या गटात आहे. अनुसूचित जातींच्या सुधारित योजनेत या गटातील घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यास वर्षाला २,५०० रुपये आणि वसतिगृहात राहणाऱ्यास ४,००० रुपये निर्वाह भत्ता ठरवण्यात आला. अनुसूचित जमातींच्या योजनेत २०१० च्या सुधारणेने हेच आकडे महिन्याला २३० आणि ३८० रुपये असे होते. पदवीच्या तुलनेत आयटीआयचा भत्ता कमी ठेवण्यामागे अभ्यासक्रम लहान म्हणून गरज लहान असे गृहीतक दिसते. कार्यशाळेत दिवसभर कानस चालवणाऱ्या मुलाची भूक मात्र पदवीच्या विद्यार्थ्याहून कमी नसते, आणि हे गृहीतक बदलले गेले पाहिजे असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

विद्यावेतनाची कथा याहून लांबलेली आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस प्रस्तुत लेखक प्रशिक्षणार्थी असताना पात्र प्रशिक्षणार्थ्यास दरमहा ४० रुपये मिळत असत. त्या काळी त्या रकमेत एसटीच्या पासाचा बराचसा भाग निघत असे आणि उरलेल्या पैशांतून कानस साफ करायचा तारेचा ब्रश किंवा एखादी वही येत असे, त्यामुळे रक्कम लहान असली तरी ती महिन्याच्या हिशेबात धरता येत होती. पुढे हाच प्रशिक्षणार्थी निदेशक झाला, त्याच्या समोरच्या बाकांवरच्या पिढ्या बदलल्या, लेथ यंत्रांच्या शेजारी संगणक आले, पण विद्यावेतनाचा आकडा ४० रुपयांवरच थांबलेला होता. राज्य मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये तो ५०० रुपये केला. ही वाढ मोलाची आहे, कारण ती मासिक आहे. वर्षाअखेरीस एकदम येणारी रक्कम घरच्या कर्जात विरघळून जाते. महिन्याला येणारी रक्कम मुलाच्या खिशात राहते आणि त्याला सकाळच्या बसपर्यंत पोहोचवते.

तारखेचा प्रश्न नेमका कसा उद्भवतो हे समजण्यासाठी एका प्रशिक्षणार्थिनीच्या अर्जाचा प्रवास पाहणे उपयुक्त ठरेल. ही मुलगी ताडोबाच्या बफर क्षेत्रातील, म्हणजे गाभा क्षेत्राभोवतालच्या पट्ट्यातील, एका गावातून इलेक्ट्रिशियन या दोन वर्षांच्या व्यवसायासाठी येत असे. गोंड कुटुंबातील ती पहिलीच मुलगी दहावीच्या पुढे गेली होती. तिचा हात चांगला होता. दोन तारांचे वेढे एकमेकांत गुंफून करायचा मॅरीड जॉइंट बहुतेक मुलांना पक्कड वापरूनही सैल जातो, तो ती पहिल्या तिमाहीत इतका घट्ट आणि सारख्या वेढ्यांचा करी की नमुना म्हणून तो फळ्याशेजारी टांगून ठेवण्यात आला होता. पहिली बस वाघाच्या वावरामुळे रस्त्यावर थांबली किंवा मुळात आलीच नाही, तर तिची सकाळची हजेरी बुडत असे, आणि शिष्यवृत्तीसाठी ७५ टक्के हजेरीची अट असल्यामुळे बसचा उशीर थेट शिष्यवृत्तीपर्यंत पोहोचत असे.

तिचा अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या संगणकीय प्रणालीवर भरण्यात आला. या प्रणालीत विद्यार्थ्याचा अर्ज आधी संस्थेच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे आणि नंतर संबंधित विभागाच्या कार्यालयाकडे जातो, आणि कोणत्याही टप्प्यावर त्रुटी आढळल्यास तो विद्यार्थ्याकडे परत येतो. या परतीला मुले ‘सेंट बॅक’ म्हणतात आणि त्या शब्दाने त्यांचे चेहरे उतरतात. अर्जासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो, जो ३१ मार्चनंतर चालत नाही, आणि उपविभागीय अधिकाऱ्यांचे जात प्रमाणपत्र लागते, ज्यासाठी अनुसूचित जमातीच्या बाबतीत ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा शोधावा लागतो. विदर्भात हा पुरावा बहुधा कोतवाल पंजीतील जन्ममृत्यूच्या नोंदीत किंवा जुन्या अधिकार अभिलेखात सापडतो. या मुलीच्या आजोबांच्या जन्माची नोंद कोतवाल पंजीत होती, परंतु तेथे केवळ वडिलांचे नाव व जात होती, आडनाव नव्हते. तेव्हा तीन पिढ्यांची वंशावळ शपथपत्रावर लिहून देण्यात दिवाळी उलटून गेली.

कागद पूर्ण झाले, अर्ज मंजूर झाला, आणि तरीही पैसे आले नाहीत. कारण शोधण्यात दोन महिने गेले. थेट लाभ हस्तांतरणात रक्कम अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जात नाही, तर त्या व्यक्तीचा आधार क्रमांक ज्या बँक खात्याशी शेवटी जोडला गेला असेल त्या खात्यावर जाते. ही जोडणी राष्ट्रीय देयक महामंडळाच्या नोंदीत असते आणि पासबुकावर ती दिसत नाही. मुलगी शाळेत असताना कोणत्या तरी शिबिरात तिच्या नावाने उघडलेले एक खाते व्यवहाराअभावी बंद पडले होते, आणि तिचा आधार त्याच मृत खात्याशी जोडलेला होता. तिने नवीन खात्याचे पासबुक प्रामाणिकपणे अर्जाला जोडले होते. जोडणी बदलण्यासाठी बँकेत तिला तीनदा जावे लागले, आणि प्रत्येक फेरी म्हणजे हजेरीतला एक दिवस होता. या ठिकाणी प्रस्तुत लेखकाने स्वतःची चूकही नोंदवली पाहिजे: अर्ज भरताना दाखले, सह्या, शिक्के सर्व तपासले गेले, मात्र आधार कोणत्या खात्याला जोडलेला आहे हा एक प्रश्न तिला विचारला गेला नाही, आणि तो विचारला असता तर तिचे अर्धे वर्ष वाचले असते.

दरम्यान तिचे वडील एकदा कार्यशाळेत आले. तेंडूचा हंगाम तोंडावर आला होता आणि मुलीला महिनाभर घरी नेण्याचा त्यांचा विचार होता. किती रक्कम मंजूर झाली आहे हे त्यांना सांगण्यात आले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “सर, पैसे कवा येतीन थे सांगा, किती येतीन थे मंग पाहू.” शिष्यवृत्तीच्या धोरणावरील अनेक परिपत्रके वाचल्यानंतरही या वाक्याहून नेमके काही प्रस्तुत लेखकाच्या वाचनात आलेले नाही. मुलगी अखेर दहा दिवसांसाठीच गावी गेली आणि परत आली. पहिल्या वर्षाचा भत्ता दुसरे वर्ष निम्मे उलटल्यावर तिच्या खात्यात जमा झाला. तिचा व्यवसाय दोन वर्षांचा होता म्हणून ती रक्कम निदान शिकत असताना आली. वेल्डर किंवा संगणक चालक यांसारख्या एका वर्षाच्या व्यवसायांत असाच उशीर झाला, तर पैसे येईपर्यंत प्रशिक्षणार्थी संस्थेतून बाहेर पडलेला असतो, आणि मध्येच गळालेल्याच्या वाट्याला तेही येत नाहीत.

इतर योजना आहेत, आणि त्यांची माहिती गावपातळीवर पोहोचणे अगत्याचे आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना भोजन व निवासाची रक्कम देतात. तंत्रनिकेतनात पदविका घेणाऱ्या मुलींसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपयांची आहे. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाचे शैक्षणिक साहाय्यही आहे, परंतु त्यासाठी पालकाने वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र देऊन नोंदणी केलेली असावी लागते, आणि ज्यांनी आयुष्यभर विटा वाहिल्या असे कित्येक पालक केवळ नोंदणी नसल्यामुळे वंचित राहिलेले प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत.

अल्प मुदतीच्या शिक्षणाकडे दुय्यम नजरेने पाहण्याची वृत्ती केवळ येथलीच नाही. अमेरिकेत दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयांतून असेच व्यवसाय शिकवले जातात आणि गरजू विद्यार्थ्यांना पेल अनुदान मिळते, परंतु १५ आठवड्यांहून लहान अभ्यासक्रम त्याच्या बाहेर ठेवले गेले होते. २०२५ च्या कायद्याने ८ ते १५ आठवड्यांच्या रोजगाराभिमुख अभ्यासक्रमांना १ जुलै २०२६ पासून ते लागू करण्याची तरतूद झाली. आपल्याकडे लहान अभ्यासक्रम योजनेत आहेत, ही आपली जमेची बाजू आहे. परंतु वर्षभराच्या अभ्यासक्रमाला दीड वर्षाने पोहोचणारी मदत त्याला प्रत्यक्षात बाहेरच ठेवते.

ती मुलगी परीक्षा उत्तीर्ण झाली आणि शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू झाली. २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार राष्ट्रीय प्रमाणपत्रधारकास महिन्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन मिळत असे. पहिल्या महिन्याचे पैसे ठरलेल्या तारखेला जमा झाले, तेव्हा तिने आपल्या धाकट्या भावाला सोबत घेऊन संस्था गाठली. भावाला वेल्डरला प्रवेश हवा होता, आणि त्याच्या हातातील पिशवीत दाखल्यांच्या वर बँकेने शिक्का मारून दिलेली आधार जोडणीची पावती ठेवलेली होती. त्या वर्षापासून प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी, हत्यारांची ओळख करून देण्याच्या आधी, प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याचा आधार कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्याशी जोडलेला आहे याची यादी फळ्यावर लिहिली जाते, आणि ज्यांच्या नावापुढची जागा रिकामी राहते त्यांना त्याच दिवशी दुपारी बँकेत पाठवले जाते.